शेडमध्ये पडून असलेली १९६९ची पॉन्टिॲक जीटीओ आहे तशीच विकायची तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ओहायोत क्लीव्हलंडच्या बाहेर जुनं घर घेतलं. मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली १९६९ची पॉन्टिॲक जीटीओ ही दणकट इंजिनाची अमेरिकन गाडी निघाली, तीस-पस्तीस वर्षं बंद पडलेली. घर विकणारं कुटुंब म्हणालं, "गाडी तुम्हीच ठेवा." पूर्ण रिस्टोरेशन करायला वेळ नाही, पैसाही नाही. मग इंजिन चालू करून, गंजलेल्या जागी पुट्टी भरून, रंगाचा एक हात मारून विकली तर चार पैसे जास्त येतील का?

येणार नाहीत, उलट कमी येतील. अशी गाडी घेणारा माणूस ती शेवटच्या नटबोल्टापर्यंत उघडणार असतो. तुम्ही मारलेला रंग तो खरवडून काढणार, आणि त्याआधीच त्याच्या मनात येणार की याखाली काय झाकलंय? उघडा गंज त्याला मोजता येतो, झाकलेला मोजता येत नाही. जे मोजता येत नाही त्याचा तो सगळ्यात वाईट अंदाज धरतो आणि तेवढे पैसे कापतो. विकायच्या आधी वस्तू घासून लख्ख करायची आपली सवय इथे महागात पडते. तेव्हा पुट्टी नको, रंग नको, पॉलिश नको आणि इंजिनला चावी लावायची नाही. करायचं ते काम वेगळंच आहे.

सुरुवात कागदांपासून. "तुम्हीच ठेवा" या दोन शब्दांनी गाडी तुमच्या नावावर होत नाही, आणि घराच्या खरेदीखतात गाडी येत नाही. अमेरिकेत गाडीची मालकी टायटल नावाच्या कागदावर चालते. ओहायोत हे काम काउंटीच्या क्लार्क ऑफ कोर्ट्सच्या टायटल ऑफिसात होतं. जुना मालक हयात असेल आणि टायटल हरवलं असेल तर त्यानेच डुप्लिकेट काढायचं आणि ते नोटरीसमोर तुमच्या नावावर करून द्यायचं. मालक वारला असेल तर वारसांना प्रोबेट कोर्टातून, म्हणजे वारसाहक्काच्या कोर्टातून, जावं लागतं. गाडीची नोंदच सापडत नसेल तर कोर्टाकडून टायटलचा आदेश मिळवण्याचा मार्ग उरतो, तिथे वकील करावा. मालकाने कोरी सही केलेलं टायटल घ्यायचं आणि स्वतःचं नाव मध्ये न घालता तसंच पुढच्याला द्यायचं, ही युक्ती कुणीतरी सुचवेलच. ती बेकायदा आहे. स्थानिक पोलिसांकडून गाडीचा नंबर चोरीच्या यादीत नाही ना, हेही पाहून घ्या. सत्तरच्या दशकात चोरीला गेलेल्या गाड्या आजही सापडतात आणि मूळ मालकाकडे किंवा विमा कंपनीकडे परत जातात.

टायटल नसलेली गाडी लोक सुट्या भागांच्या भावाने मागतात, त्यामुळे हा कागद हातात येईपर्यंत जाहिरात देऊ नका. राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत हेही लक्षात असू द्या. न्यू यॉर्क १९७२ आणि त्याआधीच्या गाड्यांना टायटल देतच नाही, तिथे जुनं रजिस्ट्रेशन हाच मालकीचा पुरावा. त्यामुळे शेडमधल्या कपाटात किंवा गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये न्यू यॉर्कचा पिवळा पडलेला कागद सापडला तर तो कचरा समजून टाकू नका.

आता गाडी नेमकी कोणती आहे ते ठरवायचं. १९६९च्या गाडीत व्हीआयएनची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची, पट्टी डॅशबोर्डवर ड्रायव्हरच्या बाजूला असते आणि समोरच्या काचेतून बाहेरून वाचता येते. एकूण तेरा खुणा. २४२ने सुरुवात असेल तर ती जन्माने जीटीओ आहे. पुढचे ३७ म्हणजे हार्डटॉप (पक्क्या टपाची), ६७ म्हणजे कन्व्हर्टिबल, त्यानंतरचा ९ म्हणजे १९६९, मग कारखान्याचं अक्षर (पी म्हणजे मिशिगनमधलं पॉन्टिॲक शहर) आणि शेवटी सहा आकडी अनुक्रमांक. या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. १९६६ ते १९७१ या काळात जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल होतं, म्हणून ते नंबरातच दिसतं. त्याच वर्षीच्या शेवरले शेव्हेलचा एसएस (तिची जास्त ताकदीची आवृत्ती) हा नुसता ऑप्शन होता, तो व्हीआयएनमध्ये दिसत नाही, आणि त्या बिचाऱ्यांना एसएस सिद्ध करताना घाम फुटतो. तुमचा नंबर २३७ने सुरू झाला तर मात्र ती ल मान्स, म्हणजे त्याच बॉडीची साधी गाडी आहे, मडगार्डावर जीटीओची अक्षरं कितीही चकाकत असली तरी. ती पट्टी काढू नका, तिचे रिव्हेट सैल करून बघू नका. फुलाच्या पाकळ्यांसारखे दिसणारे ते रिव्हेट जाणकार आधी बघतात, आणि पट्टीशी छेडछाड हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे.

दुसरी पट्टी बॉनेट उघडल्यावर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर) दिसेल, गाडीची बॉडी बनवणाऱ्या फिशर बॉडीची. तिच्यावर बॉडी कोणत्या आठवड्यात बनली ते आणि रंग व सीटकव्हरचे कोड असतात. ती घासू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फोटो काढा.

तिसरी जागा इंजिनवर, आणि इथे जरा सावकाश. पॅसेंजरच्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या खाली, ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर दोन अक्षरांचा कोड ठोकलेला असतो. डब्ल्यूटी म्हणजे ४०० घनइंची, ३५० हॉर्सपॉवरचं इंजिन आणि हाताचे गिअर. वायएस म्हणजे तेच इंजिन ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबरोबर. डब्ल्यूएस किंवा वायझेड निघालं तर ते ३६६ हॉर्सपॉवरचं रॅम एअर ३, त्याच इंजिनाची जास्त ताकदीची आवृत्ती. डब्ल्यूडब्ल्यू किंवा एक्सपी निघालं तर खाली बसा, पाणी प्या: ते ३७० हॉर्सपॉवरचं रॅम एअर ४, आणि मग ही गाडी फेसबुकवर विकायची गोष्ट राहत नाही. टायमिंग कव्हरच्या शेजारी खाली गाडीच्या व्हीआयएनचा काही भागही ब्लॉकवर ठोकलेला असतो: २, ९, कारखान्याचं अक्षर आणि शेवटचे सहा आकडे. हे सहा आकडे डॅशबोर्डवरच्या पट्टीशी जुळले तरच इंजिन या गाडीचं मूळचं.

या जागेवर पन्नास वर्षांचं ऑइल आणि माती दगडासारखी बसलेली असते. वायर ब्रश लावू नका, सँडपेपर तर मुळीच नको. डीग्रीझर मारा, अर्धा तास भिजू द्या, नायलॉनच्या ब्रशने हलके घासा, पुसा, पुन्हा मारा. जागा कोरडी झाली की खडू आडवा फिरवा आणि टॉर्च बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा. आकडे सावलीतून वर येतात. घासून चकचकीत केलेल्या जागेवर मशिनिंगच्या मूळ खुणा उरत नाहीत, आणि त्या नसल्या की घेणाऱ्याला वाटतं नंबर घासून नव्याने ठोकलाय. खरा नंबर खोटा ठरवायचा याहून सोपा मार्ग नाही.

यानंतर पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे व्हीआयएन पाठवा. त्यांच्याकडे १९६१पासूनच्या पॉन्टिॲक गाड्यांच्या कारखान्यातल्या बिलांच्या नोंदी आहेत. फी भरली की तुमच्या गाडीच्या बिलाची प्रत येते: कोणतं इंजिन, कोणता गिअरबॉक्स, कोणते ऑप्शन, कोणत्या डीलरकडे गेली. सगळ्या खर्चात हा खर्च सर्वांत जास्त परतावा देणारा. १९६९मध्ये 'द जज' ही जीटीओची खास आवृत्ती निघाली, हार्डटॉप आणि कन्व्हर्टिबल मिळून ६,८३३ गाड्या. जजचा पुरावा व्हीआयएनमध्ये नसतो, या बिलातच असतो. स्टिकर आणि मागचा पंख बाजारात कुणालाही मिळतो, म्हणून बिलाशिवाय 'जज' हा शब्द जाहिरातीत घालू नका. उलट बाजूही खरी: हिरव्या, साध्या दिसणाऱ्या गाडीचं बिल जजचं निघू शकतं, कारण सुरुवातीच्या कॅरोसेल रेड रंगानंतर ती इतर रंगांतही मिळायला लागली होती.

आता पत्रा. ओहायोत हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं, त्यामुळे गंज आहे की नाही हा प्रश्नच नाही, कुठवर गेलाय एवढंच बघायचं. मागच्या काचेच्या खालच्या पन्हाळीपासून सुरू करा. तिथे क्रोम पट्टीच्या क्लिपांशी पाणी साचतं, पत्रा आतून सडतो, पाणी डिक्कीत उतरतं आणि डिक्कीचा तळ, स्टेपनीची खोलगट जागा आणि दोन्ही बाजूंचे कोपरे खाऊन टाकतं. टपावर व्हिनाइल असेल आणि काचेपाशी त्याला फुगे आले असतील तर खाली पत्रा शिल्लक नाही असंच धरा. मग समोरच्या काचेची पन्हाळ, पायाखालचे तळ, पुढच्या मडगार्डाचा खालचा मागचा कोपरा, मागच्या चाकामागचा क्वार्टर पॅनल. हे पत्रे नवे, तयार मिळतात. पॉन्टिॲक हा ब्रँड २०१०मध्ये बंद झाला, तरी या गाडीच्या नकली पण नीट बसणाऱ्या भागांचा बाजार जोरात आहे. म्हणून क्वार्टर पॅनल गेलाय हे ऐकून घेणारा पळत नाही.

पळतो तो चासी ऐकून. ही गाडी वेगळ्या चासीवर बॉडी ठेवलेली आहे. चासी मागच्या ॲक्सलवरून वर वळते तिथे आणि मागचे कंट्रोल आर्म (ॲक्सलला चासीशी जोडणारे दांडे) जिथे बसतात तिथे माती अडकते आणि आतून सड सुरू होते. छोट्या हातोडीने ठोकत जा. जाड लोखंड खणखणतं, सडलेलं भदभदतं. स्क्रूड्रायव्हर टोकाने खुपसू नका, मुठीने ठोका. नवी भोकं पाडून देण्याचं काम तुमचं नाही. बॉडी आणि चासी यांच्यामधले रबरी बूश ज्या ठिकाणी बसतात ती ठिकाणंही पाहा.

पुट्टी शोधायला फ्रिजला लावायचं पातळ लवचिक चुंबक घ्या, खाली मऊ कापड. पत्र्यावर चिकटतं, जाड पुट्टीवरून घसरतं. एक गंमत सांगून ठेवतो, कारण दरवेळी कुणीतरी घाबरतं: या गाडीच्या पुढच्या नाकावर चुंबक अजिबात चिकटणार नाही. ती पुट्टी नाही. १९६८पासून जीटीओला एंड्युरा नावाचा बंपर आला, पोलादी सांगाड्यावर रबरासारखं मटेरियल आणि त्यावर बॉडीचाच रंग. इतक्या वर्षांनी त्याला उन्हाळ्यातल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा पडलेल्या असतात. त्या भेगांचा जवळून फोटो काढा. घेणाऱ्याला त्या अपेक्षितच असतात, मूळ एंड्युरा जागेवर आहे हेच त्याला पाहायचं असतं.

इंजिन चालू करून दाखवण्याचा मोह सगळ्यांना होतो. या इंजिनात तो विशेष घातक आहे. मूळ टायमिंग चेनच्या कॅमकडच्या चक्राला नायलॉनचे दात असतात. इतक्या वर्षांत ते बिस्किटासारखे ठिसूळ होतात. बॅटरी लावून स्टार्टर मारला की दात तुटतात, टायमिंग सरकतं आणि तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. वर कोरडे बेअरिंग आणि कोरडे सिलिंडर आहेतच. तेव्हा एवढंच करा. डिपस्टिक काढून बघा, ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. ब्लॉकच्या बाजू टॉर्चने तपासा, कारण रेडिएटरमध्ये नुसतं पाणी भरून कुणी गाडी सोडली असेल तर एखाद्या जानेवारीत ते गोठून ब्लॉक तडकलेला असू शकतो. मग आठही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण दोन मोठे चमचे गंज सोडवणारं पातळ तेल ओता, आठवडाभर राहू द्या आणि क्रँकच्या पुढच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून घड्याळाच्या दिशेने हळूच फिरवा. अडलं तर थांबा, पाइप लावून जोर करू नका. फिरलं तर जाहिरातीत लिहा: "इंजिन हाताने फिरतं, चालू केलेलं नाही." जाणकाराला हे वाक्य "गेल्या वर्षी चालत होती" यापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

खरा फायद्याचा घाम गाळायचा तो चाकांसाठी. जी गाडी ढकलता येत नाही तिला शेडमधून काढायचा खर्च आणि कटकट प्रत्येक गिऱ्हाईक स्वतःच्या मनाने फुगवून धरतो. मागचे ड्रम ब्रेक हमखास चिकटलेले असतात. आधी गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना आणि हँडब्रेकची केबल सैल आहे ना ते बघा. मग ड्रममागच्या पत्र्यावरचं रबरी बूच काढा, आतला सेल्फ-ॲडजस्टरचा पत्रा एका बारीक स्क्रूड्रायव्हरने बाजूला धरा आणि दुसऱ्याने दातेरी चक्र सैल करत जा. तो पत्रा बाजूला न धरता चक्र उलटं फिरवायला गेलात तर ते हलत नाही आणि दात झिजतात. तरीही सुटला नाही तर ड्रमच्या कडेला हातोडीने चौफेर टकटक करा. धूळ फुंकून उडवू नका, त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस आहे. चाकांचे बोल्ट पाच, ४.७५ इंच व्यासाच्या वर्तुळावर. याच मापाची कुठलीही जुनी, हवा धरणारी चाकं चढवा आणि कारखान्यातली मूळ रॅली २ चाकं असतील तर ती गाडीबरोबर वेगळी द्या.

उंदरांबद्दल एक शब्द. सीटमध्ये, एअर क्लीनरमध्ये आणि हीटरच्या डब्यात घरटी असणारच. मास्क आणि हातमोजे घाला, जंतुनाशक पाणी मारून ओलं करा आणि मग उचला, कोरडं झाडू नका. मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये किंवा पेट्रोल टाकीच्या वर कारखान्याचा कागद अडकलेला सापडू शकतो, त्यामुळे काहीही टाकण्याआधी उलगडून बघा. शेडमधले खोके, डबे, भिंतीवर टांगलेली क्रोम पट्टी, सगळं या गाडीचंच असू शकतं. प्रत्येक भागाला चिठ्ठी लावा आणि यादी करा.

जाहिरात टाकली की पहिल्या तासात निरोप येतात: बॉनेटवरचा टॅकोमीटर तेवढा द्याल का, नुसता गिअरबॉक्स किती, उघडझाप करणाऱ्या हेडलाइटचे दरवाजे आहेत का. नाही म्हणा. मन्सी नावाच्या चार-गिअरच्या बॉक्सवरही गाडीचा नंबर ठोकलेला असतो, तो एकदा वेगळा झाला की गाडीच्या गोष्टीला भोक पडतं. आणि हे निरोप म्हणजे तुमच्याकडे काय आहे त्याची फुकटातली यादी आहे.

फोटो शंभर-सव्वाशे काढा, ढगाळ दिवशी, बाहेर ओढून. धूळ बसलेली असतानाचे दहा-बारा आधी, मग नुसत्या पाण्याने धुवून बाकीचे. सगळ्या पट्ट्या आणि ठोकलेले नंबर, डिक्कीचा तळ, चासीचे चार कोपरे, काचांच्या पन्हाळी, तळाखाली हळूहळू फिरवलेला व्हिडिओ. सर्वांत वाईट भोक पहिल्या पाच फोटोंत हवं. त्याने वेळ वाया घालवणारे गळतात, आणि पाचशे मैलांवरून ट्रेलर घेऊन आलेल्या माणसाला दारात घासाघीस करायला नवीन काही सापडत नाही. "नंबर्स मॅचिंग" (इंजिन मूळचंच) हे शब्द ब्लॉकवरचा नंबर स्वतः वाचला असेल तरच. "सर्व्हायव्हर" नको, तो शब्द मूळ अवस्थेत टिकलेल्या, चालत्या गाडीसाठी आहे.

किंमत. जुन्या गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या हॅगर्टीच्या दरपत्रकात गाड्यांच्या १ (सर्वोत्तम) ते ४ अशा श्रेणी असतात. तुमची गाडी ४च्याही खाली आहे, त्यामुळे ते आकडे फक्त वरची मर्यादा कळायला वापरा. मागितलेल्या किमती बघू नका, विकल्या गेलेल्या बघा: ईबेवर विक्री झालेल्यांचा फिल्टर आहे, ब्रिंग अ ट्रेलर या लिलावाच्या साइटवर जुने लिलाव शेवटच्या बोलीसकट दिसतात. घेणाऱ्याचा हिशेबही समजून घ्या. वर्कशॉपमधलं पूर्ण रिस्टोरेशन हजार तासांच्या घरात जातं. तासाला शंभर डॉलर धरले तरी मजुरीच एक लाख डॉलर, सुटे भाग आणि क्रोम वेगळं. ३५० हॉर्सपॉवरच्या साध्या हार्डटॉपला तयार झाल्यावरही एवढे येत नाहीत. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक शनिवार-रविवारी स्वतःच्या गॅरेजात हात काळे करणारा माणूस आहे, वर्कशॉप नव्हे. त्याला कागद, घट्ट चासी आणि पूर्ण गाडी हवी असते. म्हणून साधी जीटीओ असेल तर जीटीओ असोसिएशन ऑफ अमेरिका किंवा पॉन्टिॲक-ओकलंड क्लबच्या तुमच्या भागातल्या सभासदांना आधी कळवा, मग हेमिंग्ज (जुन्या गाड्यांच्या जाहिरातींची साइट) आणि फेसबुक मार्केटप्लेस. बिलावर जज किंवा रॅम एअर ४ निघालं तर लिलाव, कारण तिथे दोन वेडे एकमेकांसमोर उभे राहणं तुम्हाला हवंय. जाहिरातीनंतर दहा मिनिटांत न बघता पूर्ण किंमत द्यायला कुणी तयार झालं तर किंमत कमी लावलीत असं समजा आणि त्याला दोन दिवस थांबवा.

पैसे वायरने (बँकेतून बँकेत थेट) किंवा घेणाऱ्याच्या बँकेत स्वतः उभं राहून समोर काढलेल्या कॅशियर्स चेकने, म्हणजे बँकेच्याच चेकने. पोस्टाने आलेला चेक, तोही ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा आणि "वरचे पैसे ट्रान्सपोर्टवाल्याला द्या" अशी चिठ्ठी, हा जुना सापळा आहे. चेक खोटा असल्याचं बँकेला कळायला आठवडे लागतात, तुम्ही दिलेले पैसे मात्र खरे असतात. टायटलवर घेणाऱ्याचं नाव आणि किंमत भरून नोटरीसमोर सही करा. बिल ऑफ सेलवर (विक्रीच्या पावतीवर) व्हीआयएन, तारीख, रक्कम, बरोबर दिलेल्या भागांची यादी, माहीत असलेले दोष आणि "आहे त्या स्थितीत, हमीशिवाय" हे शब्द, दोघांच्या सह्या, दोन प्रती. ओडोमीटर पाच आकडीच आहे आणि इतक्या जुन्या गाडीला मायलेज जाहीर करण्यातून सूट आहे, म्हणून "प्रत्यक्ष मायलेज" असं कुठेही लिहून देऊ नका.

गाडी न्यायला सपाट ओटा उतरवणारा रोलबॅक ट्रक बोलवायला सांगा, चाक उचलून नेणारं टोचन नको. वजन सुमारे ३,५०० पौंड, विंच सहज ओढतो. ड्रायव्हर घाईत असतो आणि साखळी पुढून, बंपरखालून टाकतो. साखळी ताणली की ती एंड्युराच्या कडेवर चढते आणि इतकी वर्षं टिकलेलं नाक दोन मिनिटांत फाटतं. हूक चासीच्या भोकांत लावायला सांगा आणि ओढायला सुरुवात होईपर्यंत तिथेच उभे राहा.